मेली असेल तर मेली म्हणायचं

नौपाडा, ठाणे
४ फेब्रुवारी २०२५

श्री. महिपतभावोजी यांस,
हेमाचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असाल तर बरंच झालं. आपल्याला हल्ली कशानेच दचकायला होत नाही, अशी तुमचीच तक्रार असते.

कलावतीवहिनींचा गुडघा कसा आहे? मालिश सुरू आहे की सोडलं? विठ्ठलवाडी स्टेशनचा जिना त्यांना चढायला लावू नका. आमच्याकडे सगळं ठीक. क्षिप्रा कोलशेतहून रविवारी येऊन जाते, आईवडिलांना फळं खा म्हणून सांगते आणि स्वतः वडापाव खाऊन परत जाते. ठाण्यात ऊन आत्ताच तापायला लागलंय. एकूण मजेत.

फोनच करणार होते. पण एक तर तुम्ही आमचा नंबर उचलत नाही. आणि उचललात तरी आमच्या घरात एका माणसाचे कान हल्ली फार तिखट झालेत. मी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण जरा सैल केलं, की बाहेरून ‘चिवडा का गं?’ अशी पृच्छा होते. पत्र लिहिण्याचा आवाज येत नाही. मी शब्दकोडं सोडवतेय असं सांगितलंय.

तुम्ही ‘भयंकर शनिवार’मधून बाहेर पडल्यापासून ग्रुपची रयाच गेलीय. तुम्ही रागाने ग्रुप सोडलात, पण कुणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून पुन्हा आत येऊन ‘मी ग्रुप सोडलेला आहे’ असं लिहून पुन्हा बाहेर पडलात. ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं. सलिल अजूनही शनिवारी दुपारी डोंबिवलीच्या आपल्या घरात पडदे ओढून सिनेमा लावतो. पण संपल्यावर सगळे ‘छान होता’ म्हणतात आणि सामोसे खातात. परवा तो मला फोनवर म्हणाला, ‘काकू, दोघे काका नाहीत तर काही मजाच नाही. शांतता असते यार. भुतासारखी.’

हो, दोघे काका. हेही जात नाहीत.

कारण विचारलं तर म्हणतात, नव्या सिनेमांत राम राहिला नाही. जुन्या भुतांना कामधंदा होता. खजिना राखायचा, सूड घ्यायचा, गजरा माळून झोपाळ्यावर बसायचं. आताची भुतं नुसती कोपऱ्यात तोंड करून उभी, जशी काही शिक्षा झालीय. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे. जुनी भुतं येण्याआधी पैंजण वाजवायची, ती भीती नव्हे, दारावरची घंटा. तुम्ही हे म्हटलं की ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. कोलशेतच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये सुरू झालेलं तुमचं हे भांडण मी लग्नाआधीपासून ऐकत आले. मध्ये माझं लग्न झालं, क्षिप्रा झाली, तुम्ही दोघे निवृत्त झालात, कारखाना बंद पडून तिथे टॉवर उभे राहिले. भांडण तेच.

म्हणून डिसेंबरातलं ते भांडण एवढं का लागावं, कळत नाही. ‘ओलसर’ काही कुणाच्या वाडवडिलांनी काढलेला सिनेमा नव्हे. हे म्हणाले, दोन तास काळा पडदा बघितला, दिग्दर्शकाच्या घरची वीज कापली होती वाटतं. तुम्ही म्हणालात, भिंतीवरची ओल हळूहळू बाईच्या चेहऱ्यासारखी होत जाते, ती बघ की. हे म्हणाले, कुठला चेहरा? सगळे हसले. मग तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. तुम्हीही ते मनातून काढून टाका. रोजच्या बोलण्यातलाच शब्द तो. मीसुद्धा शाळेत नकाशात कोयना सापडली नाही की पोरांना तेच म्हणायचे.

गंमत सांगते. गेल्या महिन्यात आम्ही गोखले रोडवरून येत होतो. साडीच्या दुकानाबाहेर पैठणी नेसवलेला पुतळा ठेवला होता. हे त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, ‘बाई, जरा सरकता का?’ बाई सरकेनात. हे सभ्यपणे उभे. दुकानदार बघतोय, मी बघतेय, बाईही बघतायत. शेवटी हे म्हणाले, ‘बराच वेळ लागणार असेल तर आम्हीच वळसा घालतो.’ मी हसून हसून रस्त्यावरच बसायची बाकी होते. घरी येईपर्यंत हसत होते.

असो. एक काम आहे.

‘काजळवाडीची पाहुणी’ आठवतो ना? आपण तिघांनी ठाण्यात एकत्र पाहिलेला पहिला सिनेमा. ते थिएटरही आता राहिलं नाही. क्षिप्राने तो नेटवर शोधून टीव्हीवर लावून दिलाय. तर वाड्यातला कंदील विझतो, तिथपासून शेवटापर्यंत पडद्यावर काय काय दिसतं, हे जरा सविस्तर लिहून पाठवाल का? कोण कुठून येतं, काय नेसलेलं असतं, सावित्रीचं काय होतं, सगळं. माझे डोळे तेव्हा घट्ट मिटलेले होते, हे तुम्ही जाणताच. आजवर एकही भयपट मी डोळे उघडे ठेवून पाहिलेला नाही. ‘गेली का? गेली का?’ विचारत बसायचे आणि हे कानात सांगायचे.

ह्यांनाच का विचारत नाही, असं वाटेल. सोयीचं नाही, एवढंच समजा.

उत्तर माझ्या नावाने घरीच पाठवा. हे उघडून वाचणार नाहीत.

वहिनींना नमस्कार.

आपली,
हेमा


नौपाडा, ठाणे
१९ फेब्रुवारी २०२५

श्री. महिपतभावोजी यांस,
स. न.

तुमचं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी लिहिलंत, समासातसुद्धा लिहिलंत. पाहुणीच्या नऊवारीचा रंग, कंदिलाच्या काचेवरची काजळी, उंबऱ्यावरचं ओलं पाऊल. वाचताना दिवाणखान्यात दिवसाढवळ्या माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही सिनेमात जायला हवं होतं, कारखान्यात उगाच गेलात.

पण सावित्री मरते?

भावोजी, सावित्री मरते हे मला तुमच्या पत्रातून कळलं. पाहुणी तिला विहिरीशी नेते, आणि शेवटी सावित्रीच पाहुणी होऊन दुसऱ्या दाराशी उभी राहते, असं तुम्ही लिहिलंय. मला तर ह्यांनी थिएटरात कानात सांगितलं होतं, की ती परसदाराने निसटली आणि थेट मामाकडे गेली. मामाने पुढे तिला नर्सिंगला घातलं, असंही घरी येताना म्हणाले होते! मी इतकी वर्षं त्या मामाला मानत आले.

मग मी तुमच्या पत्रावरून धीर करून बाकीचे जुने सिनेमे आठवले. त्या डाकबंगल्यातला रखवालदार? ‘बदली झाली.’ ती बाहुलीवाली मुलगी? ‘हॉस्टेलला पाठवली.’ त्या सिनेमातलं अख्खं वऱ्हाड? ‘बस चुकली त्यांची, म्हणून वाचले.’ म्हणजे माझ्या आयुष्यातल्या एकाही भयपटात कुणी मेलंच नाही. आणि मी मैत्रिणींना सांगत फिरायचे, की भयपट वाटतात तेवढे वाईट नसतात.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीविषयी. ‘वहिनी, त्र्यंबक बरा आहे ना?’

ही ओळ मी टाळून पत्र संपवणार होते. तसं एक लिहून फाडलंही.

ह्यांना दिसत नाही, भावोजी. म्हणजे समोरचं थोडं दिसतं, धुरातून दिसावं तसं. बाजूचं गेलंच आहे. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, हा चोरपावलांनी येतो, दुखत नाही, खुपत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. दिवसातून ठरावीक वेळी थेंब घालतो. हे म्हणाले, ‘डॉक्टर, असा खलनायक मी कुठल्याच सिनेमात पाहिला नाही.’ डॉक्टर हसले नाहीत. ते सिनेमे बघत नसावेत.

पैठणीवाल्या बाईची गंमत तुम्हाला हसत हसत लिहिली. घरी आले तेव्हा मी खरोखर हसतच होते. मग ह्यांनी चपला काढल्या आणि चपलांच्या कपाटाऐवजी शेजारच्या कुंडीत ठेवल्या. तेव्हा हसू थांबलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं.

म्हणजे ‘ओलसर’ काळा नव्हता. सिनेमे काळोखे झालेत, हे सगळेच म्हणतात, म्हणून ह्यांचं खपून गेलं. ह्यांना स्वतःला संशय होता, पण कबूल करायचं नव्हतं. आणि तुम्ही म्हणालात, ‘त्र्यंबक, डोळे फुटलेत का तुझे?’ तुम्ही चेष्टेत म्हणालात. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, ह्यांनाही माहीत आहे. तुमच्यावर राग नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, ‘महिपतला अजिबात कळता कामा नये. कळलं तर तो माझ्याशी नीट वागेल.’

मी म्हटलं, मग बरंच आहे की.

‘तुला कळत नाही. तो माझ्याशी भांडायचा थांबेल. आवड गंजलेला म्हातारा म्हणू दे, झोपाळू म्हणू दे. बिचारा म्हणायला लागला तर मी त्याच्यासमोर कसा बसू?’

म्हणून हे भांडण त्यांनी तसंच ठेवलंय. जपून ठेवलंय म्हणा ना.

दुपारी टीव्हीवर जुना सिनेमा लावतो. हे समोर बसतात, मी शेजारी. दार करकरतं, वारा सुटतो, माझे डोळे सवयीने मिटतात. हे विचारतात, ‘आता काय?’ आणि माझ्याजवळ सांगायला काही नसतं. दोघेही काळोखात. म्हणून तुम्हाला पत्र लिहिलं. तुमचं वर्णन पदराआड धरून मी वाचत गेले, जणू पडद्यावरचंच बघतेय. हे खूश झाले. म्हणाले, ‘हेमा, तुझं निरीक्षण महिपतसारखं आहे.’ सावित्रीपाशी आले, तशी मात्र मी अडखळले. मग म्हटलं, ‘ती मामाकडे गेली.’ हे नुसते हसले.

आता माझी विनंती. येत्या रविवारी घरी या. सहज आल्यासारखे या. मी काही सांगितलेलं नाही आणि तुम्हाला काही कळलेलं नाही. आल्याबरोबर एखादा सिनेमा काढा आणि भांडा. आवाज चढवा. शेजाऱ्यांची काळजी नको, त्यांना सवय आहे. हळहळू नका. डोळे पुसू नका, ते ह्यांना दिसणार नाही, पण नाक ओढलंत तर ऐकू जाईल.

तुम्हाला जमेल. इतकी वर्षं जमलंय.

आपली,
हेमा


नौपाडा, ठाणे
१८ मार्च २०२५

श्री. महिपतभावोजी यांस,
नमस्कार.

तुम्हाला जमलं नाही.

रागावून लिहीत नाही. पण तुम्ही जिना उतरून गेल्यावर इथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

मुळात संत्री कशाला आणलीत? आयुष्यात कधी आमच्याकडे फळं घेऊन आला नाहीत. आलात की ‘वहिनी, तिखट काय आहे?’ एवढंच विचारायचात. संत्री माणूस दवाखान्यात नेतो. पिशवीतून वास आला तेव्हाच ह्यांनी मान वर केली होती. त्यावर तुम्ही ह्यांचा कोपर धरून सोफ्यावर बसवलंत. त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर!

तेव्हाच त्यांनी तुमची परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं. आधी म्हणाले, ‘महिपत, मी विचार केला. ओलसर सुंदर सिनेमा होता.’ तुम्ही म्हणालात, ‘होय रे, सुंदरच.’ मग चहा झाला, आणि हे म्हणाले, ‘नाही पण, भिकारच होता तो.’ तुम्ही म्हणालात, ‘तसा भिकारच म्हणायचा.’ मी स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घेतला. पुढे तर ‘पैंजण वाजवणारं भूत हेच खरं भूत’ यालासुद्धा मान डोलावलीत. मान डोलावलेली ह्यांना दिसत नाही, म्हणून वर ‘मान डोलावतोय बरं का’ असं सांगितलंत!

तुम्ही गेलात. दार लागलं. हे म्हणाले, ‘हेमा, डॉक्टर तुला माझ्यामागे काय म्हणाले?’

‘काही नाही. का?’

‘खरं सांग. महिपत माझ्याशी सहमत झाला. तीनदा. एवढं वाईट आहे का?’

मग मला सगळं सांगावं लागलं. तुमचं पत्र, माझं पत्र, पदराआडचं वाचन. मला वाटलं, चिडतील. चिडले. पण तुमच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. म्हणाले, ‘मामाकडे गेली म्हणालीस तेव्हाच ओळखलं मी. मामा माझा आहे. मी बनवलेला आहे. त्या सिनेमात मामा नाहीच.’

मग मलाही राहवलं नाही. म्हटलं, ‘एवढी वर्षं मला फसवलंत त्याचं काय? डाकबंगल्याचा रखवालदार, ते वऱ्हाड, ती बाहुलीवाली पोर...’

‘तू घाबरायचीस. सिनेमा संपला की घरी येऊन दिवे चालू ठेवून झोपायचीस. मेली म्हणून सांगितलं असतं तर पुन्हा आली असतीस का माझ्याबरोबर?’

‘नसते आले.’

‘म्हणून.’

‘मग आता मी सांगितलं तर काय बिघडलं? मलाही वाटतं तुम्हाला त्रास होऊ नये.’

यावर हे संत्री सोलत बसले. तुमचीच संत्री, हो. मग म्हणाले, ‘तेव्हा तुला डोळे होते. तू मिटले होतेस. वाटलं असतं तर उघडून खरंखोटं करता आलं असतं. मला आता ते करता यायचं नाही. तू सांगशील तेवढंच माझ्यापुरतं खरं. त्यामुळे फसवायचं नाही. मेली असेल तर मेली म्हणायचं. घर जळलं तर जळलं म्हणायचं. आणि महिपतला पटलं नसेल तर पटलं नाही म्हणायचं.’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तर होळी झाल्यावर, पुरणपोळ्या संपवून, आम्ही सिनेमाला गेलो. तुम्ही त्या दिवशी निघताना दारात चुकून एकच खरं मत दिलंत, की ‘माळ्यावरची आत्या’ हा या वर्षातला सगळ्यात उत्तम भयपट आहे. तोच ह्यांनी निवडला. क्षिप्राने कोलशेतच्या बाजूच्या मॉलमधली दुपारची तिकिटं काढून दिली आणि मला विचारलं, ‘आई, तू डोळे उघडे ठेवणार? तू?’ मी म्हटलं, मी अठराशे पोरांना भूगोल शिकवलाय, एका आत्याला भिते की काय. (संख्या अंदाजे आहे. धीर यायला मोठी सांगितली.)

भावोजी, आयुष्यात पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवून भयपट पाहिला. आणि सांगू? निराशा झाली. मिटल्या डोळ्यांमागे मी जी भुतं पाहिली होती त्यांच्यापुढे ही आत्या म्हणजे अगदीच सोज्वळ. हिच्यासाठी मी जन्मभर पदर तोंडावर घेतला? केस पिंजारलेत, साडीला इस्त्री नाही, नखं वाढवलीत. परीक्षेच्या दिवसांत आमच्या शाळेतल्या शिक्षिका याहून भयंकर दिसायच्या.

मी सांगायला लागले. ‘खोली आहे. ईशान्येला कपाट. पश्चिमेच्या भिंतीत खिडकी, तिच्यावर दोन महिन्यांची धूळ. मुलगी आग्नेयेकडून आत येते.’

‘अगं, डावी-उजवी सांग! मी काय गलबत हाकतोय?’

पुढच्या रांगेतल्या मुलाने मागे वळून ‘काकू, प्लीज ना’ म्हटलं. बरोबर त्याची मैत्रीण होती. मी आवाज खाली आणला. पण आत्या माळ्यावरून खाली उतरू लागली, तसं त्या मुलीने मुलाच्या बाहीत तोंड खुपसलं, आणि तिथूनच विचारलं, ‘काकू, गेली का ती?’

मी म्हटलं, ‘नाही गं बाळा. उतरतेच आहे. पायात काही नाही तिच्या.’

मग आमच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, ‘जरा मोठ्याने सांगा हो, मी पण बघत नाहीये.’ म्हणजे माझ्यासारख्या डोळे मिटून बसणाऱ्या बायकांचं केवढं मोठं मंडळ आहे, आणि आमची कधी ओळखच झाली नाही!

तर मुलगी कपाटासमोर उभी. सगळं शांत. मी म्हटलं, ‘आत्या दिसत नाही आता. खोली रिकामी आहे.’ ह्यांनी माझं मनगट पकडलं.

‘रिकामी नाही. मागे आहे ती.’

‘मागे कोणी नाही. नुसती भिंत आहे.’

‘हेमा, पंख्याचा आवाज मघापासून चालू होता, तो आता दबलाय. पंखा आणि मुलगी यांच्यामध्ये कुणीतरी उभं आहे. सांग त्या पोरीला, वळू नकोस म्हणावं.’

आणि ती पोरगी वळली. आणि भिंतीतून, मी शपथेवर सांगते, त्या रिकाम्या भिंतीतून आत्या बाहेर आली! मी किंचाळले. माझं ऐकून पुढची मुलगी किंचाळली, रांगेतल्या बाई किंचाळल्या, त्या मुलाने मक्याच्या लाह्या उधळल्या. सगळ्या थिएटरात एकटे हे शांत बसले होते. पेपर तपासून झालेल्या मास्तरासारखे. हळूच म्हणाले, ‘पाहिलंस?’

मी म्हटलं, ‘पाहिलं. तुम्ही आधी पाहिलंत.’

शेवटी आवाजच नव्हता, भावोजी. तुम्ही पाहिलाय, तुम्हाला माहीत आहे. संगीत नाही, संवाद नाही, नुसतं चित्र. मुलगी माळ्याच्या शिडीखाली पडलेली, डोळे उघडे, आणि उन्हाचा कवडसा तिच्या चेहऱ्यावरून सरकत निघून जातो. ह्यांना कळायचा काही मार्गच नव्हता. कान टवकारून बसले होते. मग विचारलं, ‘काय झालं? हेमा, काय झालं तिचं?’

खरं सांगते, मामा माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला होता. मागच्या दाराने गेली, रिक्षा मिळाली, नौपाड्यात मामाकडे पोचली. किती सोपं होतं!

मी म्हटलं, ‘मेली.’

‘नक्की?’

‘नक्की. मी बघतेय ना. शिडीखाली पडलीय. चेहऱ्यावर ऊन आहे, ते आता जातंय. गेलं.’

लोक उठायला लागले, दिवे लागले. मग हे माझा हात थोपटून म्हणाले, ‘शेवट चांगला आहे. बाकी सिनेमा भिकार.’

बाहेर आलो. मॉलच्या सरकत्या जिन्यावर ह्यांना पायरीचा अंदाज येईना. मी हात पुढे केला तर झटकला. मग पुन्हा शोधून धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही. सावकाश चाललो. मी वाटेत जे दिसेल ते सांगत होते. बोलून बोलून घसा बसला. थेंब घालताना म्हणाले, ‘उद्यापासून डावी-उजवी शीक.’

आता तुमच्यासाठी निरोप. त्यांनी तोंडी सांगितलाय, मी शब्द न बदलता उतरवतेय.

‘महिपतला लिही, की माळ्यावरच्या आत्याला उत्तम म्हणणारा माणूस एक तर दिग्दर्शकाचा नातेवाईक असला पाहिजे, नाही तर गाढव. आत्या माळ्यावर का राहते, याचं कारणच दिलेलं नाही. विनाकारण माळ्यावर राहायला ती काय जुना पितळेचा बंब आहे? पंख्याच्या आवाजाची युक्ती तेवढी चांगली, आणि ती महिपतला कळलेली नसणार, कारण तो सिनेमा नुसता बघतो. पुढच्या शनिवारी डोंबिवलीला सलिलकडे ये आणि उत्तर दे. संत्री आणलीस तर जिन्यावरून खाली फेकीन.’

एवढं बोलून हे आरामखुर्चीत पाय पसरून बसलेत. बऱ्याच दिवसांनी कानाच्या पाळ्या लाल दिसतायत.

तुम्ही याच. माझा एक स्वार्थ आहे. मध्यंतरापर्यंत मी सांगेन, पुढे तुम्ही सांगा. माझ्या घशाला विश्रांती मिळेल. तुम्ही सांगितलेलं मला पटलं नाही तर मी मध्ये बोलणार. तुम्हाला माझं पटलं नाही तर तुम्ही बोला. हे मध्ये बसून कुणाचं खरं ते ठरवतील. ह्यांना नजर पुढे आणखी साथ देईल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत. त्याची मला भीती वाटते, भावोजी, आणि त्या भीतीसाठी डोळे मिटता येत नाहीत. म्हणून माणसं जवळ हवीत. खरं बोलणारी, मोठ्या आवाजाची.

कलावतीवहिनींनाही घेऊन या. त्यांनाही डोळे मिटायची सवय असेल तर आमच्या मंडळात घेऊ.

लोभ आहेच, त्याची काय विनंती करायची? भांडण असावे, ही विनंती.

आपली,
हेमा
(आणि आपल्याशी संपूर्ण असहमत, त्र्यंबक)